दूरचा वैद्य आणि घरचा मधुमेह

या क्षणीं मी आपणांस दिसत नाहीं. माझा चेहरा, माझे हावभाव, मी ज्या खोलींत बसून बोलत आहें ती खोली, यांपैकीं कांहींच आपल्यापुढें नाहीं. केवळ आवाज आपल्यापर्यंत येऊन पोंचतो आहे. तरीहि आपण तो ऐकत आहां, आणि त्यांतील एखादी गोष्ट पटली तर त्याप्रमाणें वागण्याचा विचारहि कदाचित् कराल. १९२७ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, तेव्हांपासून दूरच्या आवाजावर विश्वास टाकण्याची ही संवय आपल्याकडे घरोघर वाढत आली आहे. परंतु भाषण ऐकणें निराळें, आणि आपलें शरीर त्या आवाजाच्या स्वाधीन करणें निराळें. डॉक्टरांनीं फोनवरून सांगितलें म्हणून मनुष्य आपल्या गोळ्या बदलील काय, इन्सुलिनची मात्रा कमीजास्त करील काय, आणि करील तर कोणत्या अटींवर करील, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. रोग मी मधुमेह हा घेतला आहे, आणि प्रदेश घेतला आहे वसई-विरारचा.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. वसईच्या खाडीच्या उत्तरेस नायगांव, वसई, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवतीं वाढलेल्या या वस्तीची २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या १२ लाखांवर भरली, आणि २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन झालें तेव्हां हें शहर नव्या पालघर जिल्ह्यांत आलें. या लक्षावधि माणसांचें राहणें मात्र एकसारखें नाहीं. पश्चिमेस समुद्राकडे केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. पाचूबंदर, अर्नाळा येथें कोळी बांधवांची वस्ती आहे. पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशीं आदिवासींचे पाडे आहेत. आणि मधोमध, रेल्वेच्या दोन्ही अंगांस, नोकरदारांच्या दाट चाळी व इमारती आहेत. सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली, गुजराती, हिंदी, इतक्या बोली येथें एका बाजारांत कानांवर पडतात. १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत गाडी धांवूं लागली. तेव्हांपासून मोठी नोकरी, मोठी खरेदी आणि मोठा डॉक्टर या तिन्ही गोष्टी मुंबईसच मिळावयाच्या, अशी येथील माणसाच्या मनाची घडण होत आली आहे. विरारपासून चर्चगेट सुमारें ६० किलोमीटर. निरोगी माणसासहि हा प्रवास गर्दीच्या वेळीं दमवितो. मग पायांत मुंग्या येणाऱ्या, वरचेवर लघवीस जावें लागणाऱ्या मधुमेही माणसाची काय कथा!

या प्रदेशाची खरी परीक्षा झाली ती मार्च २०२० मध्यें. करोनाच्या सांथींत लोकल गाड्या बंद पडल्या, आणि सर्व प्रवाशांस त्या पुन्हा खुल्या झाल्या त्या १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, त्याहि ठराविक वेळांपुरत्याच. मुंबईचा डॉक्टर एका रात्रींत परदेशीं निघून गेल्यासारखा झाला. योगायोग असा कीं, ज्या २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली, त्याच तारखेस डॉक्टरांनीं दुरून उपचार कसे करावेत याचे अधिकृत नियम भारतांत प्रसिद्ध झाले. या पद्धतीस टेलिमेडिसिन म्हणतात; आपण तिला दूरवैद्यक म्हणूं. पुढें १३ एप्रिल २०२० रोजीं शासनाची ई-संजीवनी ही मोफत सेवा घरीं बसलेल्या रोग्यांसाठीं सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारें झालेल्या सल्लामसलतींची संख्या १० कोटींवर गेली.

तथापि अडचणीमुळें पत्करलेली गोष्ट आणि राजीखुषीनें पत्करलेली गोष्ट यांत अंतर असतें. गाड्या धांवूं लागल्यावर ‘गरज सरो, वैद्य मरो’ या न्यायानें दूरचा वैद्य विसरला जाणें साहजिक आहे. असें असतांहि जो रोगी आपण होऊन पुन्हा फोन उचलतो, तो कां उचलतो? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं मधुमेहाचा स्वभाव थोडक्यांत पाहूं.

मधुमेह आपल्या देशास नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत त्याचें वर्णन आहे. नवा आहे तो त्याचा विस्तार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस हा रोग आहे, आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. या रोगाची मोठी गोम अशी कीं, तो बहुधा दुखत नाहीं. दाढ ठणकूं लागली कीं माणूस रात्रीं-अपरात्रीं डॉक्टरांचें दार ठोठावतो. परंतु रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली असतांहि तो कामावर जातो, लग्नकार्यांत जेवतो, गाडींत लोंबकळत उभा राहतो. आंतल्या आंत मात्र डोळ्यांच्या पडद्यावरील आणि मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या खराब होत असतात, आणि पायांच्या मज्जातंतूंची संवेदना बोथट होत असते. दृष्टि अंधुक झाली, पायाची जखम भरून येईना, म्हणजे तो जागा होतो. आणि तोंवर झालेली हानि पुष्कळदां भरून येण्यासारखी राहत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, या रोगांत रोगी हाच आपला पहिला वैद्य असतो. एक साधा हिशेब करून पाहूं. रोगी तीन महिन्यांनीं एकदां डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळीं त्यांनीं त्याला पंधरा मिनिटें दिलीं, तर वर्षाकांठीं डॉक्टरांचा सहवास एक तास होतो. वर्षाचे तास असतात ८,७६०. म्हणजे उरलेले ८,७५९ तास रोग्यानें आपल्याच बुद्धीनें काढावयाचे! सकाळीं भाकरी किती खावी, भात किती वाढून घ्यावा, वसईची प्रसिद्ध सुकेळी समोर आलीं तर अर्धें घ्यावें कीं मुळींच घेऊं नये, उपास असेल त्या दिवशीं गोळी घ्यावी कीं टाळावी, ताप आला तर इन्सुलिन थांबवावें काय, हे सारे प्रश्न त्या ८,७५९ तासांत उभे राहतात, आणि त्यांचें उत्तर तेव्हांचें तेव्हां लागतें. तीन महिन्यांनीं मिळालेलें उत्तर त्या दिवशींच्या जेवणास उपयोगीं पडत नाहीं.

दूरवैद्यक मधुमेहास मानवतें तें येथें. हा रोग आंकड्यांत मोजतां येतो. पूर्वीं रोग्याची लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत उकळून पाहत. रंग हिरवा, पिवळा कीं विटकरी झाला यावरून साखरेचा अंदाज बांधीत. आतां बोटाच्या टोंकाचा रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला कीं ग्लुकोमीटर कांहीं सेकंदांत आंकडा दाखवितो, आणि तो आंकडा आगाशीहून अंधेरीस जसाच्या तसा पोंचतो. एचबीए१सी नांवाच्या तपासणीनें मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. कारण रक्तांतील तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें, आणि त्या काळांतील साखरेची खूण त्या आपल्या अंगावर वागवितात. डॉक्टरांस या दोन आंकड्यांबरोबर वजन, रक्तदाब आणि रोग्याची दिनचर्या कळली, तर औषधाच्या मात्रेचा विचार त्यांस पुष्कळ अंशीं दुरून करतां येतो.

परंतु श्रोतेहो, एखादी गोष्ट शक्य आहे एवढ्यावरून माणूस ती करीत नाहीं. १९८९ सालीं फ्रेड डेव्हिस नांवाच्या अमेरिकन संशोधकानें, कचेरींतील माणसें नवीं संगणकयंत्रें केव्हां पत्करतात, याचा विचार मांडला. त्यानें दोन गोष्टी मुख्य ठरविल्या: यंत्राचा आपणांस उपयोग आहे असें माणसास वाटलें पाहिजे, आणि तें वापरणें सोपें आहे असेंहि वाटलें पाहिजे. पुढील संशोधकांनीं आणखी दोन गोष्टी जोडल्या. आपल्या माणसांचें मत काय आहे, ही एक. आणि अडलें तर मदतीस कोणी आहे काय, ही दुसरी. हें शास्त्र कचेरीच्या टेबलावर जन्मलें असलें, तरी वसईच्या ओटीवरहि तें बरेंच लागू पडतें. फक्त कचेरींतलें यंत्र चुकलें तर कागद फुकट जातो. येथें जीव गुंतलेला असतो. म्हणून या चार गोष्टींच्या मुळाशीं एक पांचवी गोष्ट येते, ती म्हणजे विश्वास.

पहिली गोष्ट उपयोगाची. असें समजा कीं, नालासोपाऱ्यास राहणारे एक गृहस्थ पहांटेची लोकल पकडून मुंबईस कामावर जातात. डॉक्टरांना भेटावयाचें म्हणजे त्यांची एक रजा जाते. रोजंदारीवर असतील तर त्या दिवसाची मजुरी जाते. घरांतील वृद्ध आईस न्यावयाचें असेल तर दोघांचें भाडें, स्थानकापासून रिक्षा, आणि दवाखान्यांतील तास-दोन तासांची वाट पाहणें. एवढें करून भेट होते पांच मिनिटांची, आणि ‘आहे तेंच औषध चालूं ठेवा’ एवढेंच ऐकून परत यावें लागतें! या माणसास दूरवैद्यकाचें महत्त्व व्याख्यान देऊन पटवावें लागत नाहीं. त्याचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. मात्र उपयोग हा वेळ आणि पैसा एवढ्यापुरताच नव्हे. सकाळीं कळविलेल्या आंकड्याला संध्याकाळीं उत्तर आलें, त्याप्रमाणें रात्रींचा भात कमी केला, आणि चार दिवसांनीं उपाशीपोटींची साखर खरोखरच उतरली, असा अनुभव एकदां आला म्हणजे त्या माणसास दुसऱ्या कोणी सांगण्याची आवश्यकता उरत नाहीं. उलट आंकडे पाठवून पाठवून थकलें आणि पलीकडून कांहींच उत्तर नाहीं, असें झालें तर उत्तम यंत्रहि महिन्याभरांत कपाटांत जाऊन पडतें.

दुसरी गोष्ट सुलभतेची. शहरी तरुणास फोनवर चित्र दिसणें, चौकटींत अक्षरें भरणें या गोष्टी श्वासोच्छ्वासाइतक्या सहज वाटतात. परंतु ज्या आजींनीं आयुष्यभर वाडींत पानें खुडलीं, त्यांस फोनवर आलेली सहा आंकड्यांची खूण दुसऱ्या ठिकाणीं लिहावयाची म्हणजे परीक्षाच वाटते. त्यांतून मधुमेहानें दृष्टि मंदावलेली असेल, बोटांची संवेदना बोथट झालेली असेल, तर कांचेवर बोट नेमकें टेंकणेंहि कठीण जातें. म्हणजे ज्यांस या सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांसच ती वापरणें सर्वांत अवघड! अशा माणसाकरितां साधा फोन, साधी भाषा आणि मोठें अक्षर यांची किंमत मोठी आहे. डॉक्टरांनीं ‘कार्बोहायड्रेट कमी करा’ असें म्हटलें तर आजी मान हलवितील आणि फोन ठेवल्यावर पूर्वींइतकाच भात घेतील. ‘आजी, भाताची एक मूद घ्या, दुसरी नको, त्याऐवजीं कालवणांतील मासळी नि भाजी वाढून घ्या,’ असें सांगितलें, आणि तेंहि त्यांच्या कानास ओळखीच्या बोलींत सांगितलें, तर तो सल्ला त्यांच्या ताटापर्यंत पोंचतो.

तिसरी गोष्ट घरच्या माणसांची आणि चौथी हाताशीं असणाऱ्या मदतीची. या दोन्ही आपल्याकडे पुष्कळदां एकच असतात. फोन मुलाचा असतो, यंत्र सून लावते, आणि आंकडे नात लिहून घेते. घरांतील एखादें माणूस ‘हें कसलें खूळ? डॉक्टरांनीं नाडी पाहिल्याशिवाय औषध देणें म्हणजे काय?’ असें म्हणाले, तर वृद्ध रोगी मुकाट्यानें माघार घेतो. तेंच माणूस ‘बाबा, मी आहें ना शेजारीं, बोला तुम्ही,’ असें म्हणाले, तर तो बोलूं लागतो. ज्यांच्या घरीं असें कोणी नाहीं त्यांच्याकरितां ई-संजीवनीची दुसरी तऱ्हा आहे. रोग्यानें जवळच्या आरोग्य-केंद्रांत जावें. तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानें त्याचें वजन, रक्तदाब पाहून त्याला दूरच्या डॉक्टरांशीं जोडून द्यावें. या तऱ्हेंत यंत्र आणि रोगी यांच्यामध्यें एक ओळखीचें माणूस उभें राहतें. पूर्वेकडील पाड्यांवरील रोग्यास दूरचा डॉक्टर पत्करावासा वाटला, तर तो बहुधा या मधल्या माणसाच्या भरंवशावर.

आतां विश्वासाकडे येऊं. ‘दुरून डोंगर साजरे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दूरच्या डॉक्टराविषयीं रोग्याच्या मनांत नेमकी हीच शंका असते. पलीकडे बोलणारा खरा डॉक्टर कशावरून? तो माझें ऐकतो आहे कीं दुसरें कांहीं काम करीत आहे? चूक झाली तर मी कोणाला विचारूं? या शंका अडाणीपणाच्या नाहींत. त्या शहाणपणाच्या आहेत. त्यांचें निरसन जाहिरातीनें होत नाहीं. तें एका साध्या गोष्टीनें होतें: दुरून बोलणारा डॉक्टर रोग्यानें पूर्वीं जवळून पाहिलेला असला पाहिजे.

याची एक मोठी साक्ष अमेरिका आणि कॅनडा या देशांतील आहे. तेथें १९८३ पासून १९९३ पर्यंत इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या १,४४१ मधुमेही रोग्यांवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. अर्ध्या रोग्यांस नेहमींचे उपचार दिले, अर्ध्यांस कसोशीचे. कसोशीच्या उपचारांत इन्सुलिन दिवसांतून अधिक वेळां होतें, साखर वरचेवर तपासणें होतें, आणि दरमहा प्रत्यक्ष भेट असून शिवाय मधल्या काळांत वारंवार टेलिफोनवरून विचारपूस होती. ज्यांचे डोळे आरंभीं निर्दोष होते, अशा रोग्यांत नेत्रविकार जडण्याचा धोका या कसोशीच्या उपचारांनीं ७६ टक्क्यांनीं कमी झाला. याचें सारें श्रेय टेलिफोनला देणें अर्थात् चूक होईल. शिवाय याच रोग्यांत साखर धोक्याच्या खालीं जाण्याचे प्रसंगहि सुमारें तिप्पट घडले. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेथें टेलिफोन हा भेटीच्या ऐवजीं नव्हता, तर दोन भेटींच्या मध्यें होता. दरमहा जिच्या समोर बसलों, तीच व्यक्ति मधल्या दिवसांत फोनवर बोलत होती.

आपल्या देशांतहि असें उदाहरण आहे. तामिळनाडूंतील चुनमपेट या गांवाच्या परिसरांतील ४२ खेड्यांत चेन्नईच्या मधुमेहतज्ज्ञांनीं एक फिरता दवाखाना नेला. गाडींत डोळ्यांच्या पडद्याचें छायाचित्र घेण्याचें, पायांची संवेदना मोजण्याचें यंत्र होतें, आणि उपग्रहाच्या द्वारें तीं चित्रें चेन्नईच्या डॉक्टरांस दिसत. जोडीला गांवांतच मधुमेहाचा एक छोटा दवाखाना काढण्यांत आला. बहुतेक रोग्यांची व्यवस्था तेथल्या तेथें झाली. चेन्नईस जाण्याची पाळी शंभरांत पांचांहूनहि कमी जणांवर आली. येथेंहि दूरचें ज्ञान आणि जवळची माणसें यांची जोडी जमली, म्हणून लोक राजी झाले.

२०२० च्या आपल्या नियमांतहि हेंच तत्त्व आहे. ज्या डॉक्टरांनीं रोग्यास गेल्या सहा महिन्यांत त्याच विकारासाठीं प्रत्यक्ष तपासलें आहे, त्यांस दुरून औषध देण्याची मोकळीक अधिक. अनोळखी रोग्याच्या बाबतींत ती कमी. डॉक्टरांनीं आपलें नांव सांगावें आणि औषधपत्रावर आपला नोंदणी-क्रमांक लिहावा, असा दंडक आहे. रोग्यास प्रत्यक्ष पाहणें जरूर आहे असें वाटलें, तर ‘समोर या’ असें सांगण्याचा डॉक्टरांस अधिकार आहे, नव्हे तें त्यांचें कर्तव्यच आहे. ई-संजीवनीसारख्या सार्वजनिक सेवेंत प्रत्येक वेळीं तोच डॉक्टर भेटेल असें नसतें. एखाद्या दिवसाच्या खोकल्यास त्यानें बिघडत नाहीं. जन्मभराच्या मधुमेहास मात्र ही उणीव जाणवते. म्हणून अशी सेवा घेणाऱ्यानें आपलीं जुनीं औषधपत्रें आणि आंकड्यांची वही फोनशेजारीं ठेवावी. डॉक्टर बदलला तरी वही बदलत नाहीं.

विश्वासाचें आणखी एक अंग आहे, त्याविषयीं आपल्या घरांत फारसें बोललें जात नाहीं. तें म्हणजे गुप्तता. असें समजा कीं, एका घरांत वीस वर्षांची मुलगी आहे. लहानपणापासून ती इन्सुलिन घेते. तिचें लग्न ठरवावयाचें आहे, आणि सोयरीक मोडेल या भीतीनें घरच्यांनीं हा रोग चार भिंतींच्या आंत ठेवला आहे. या मुलीस डॉक्टरांशीं बोलावयाचें असेल तर एकाच खोलींत, सगळ्यांच्या देखत, वडिलांच्या फोनवर बोलावें लागतें. ती काय बोलणार? ‘सारें ठीक आहे,’ एवढेंच सांगून ती फोन ठेवते. पाहुण्यांसमोर टोंचून घ्यावयाचें कसें म्हणून गेल्या आठवड्यांत तीन वेळां इन्सुलिन चुकलें, ही गोष्ट तिच्या मनांतच राहते; आणि अशा रोग्यांत चुकलेलें इन्सुलिन प्राणावर बेतूं शकतें. हीच मुलगी दवाखान्याच्या बंद दाराआड कदाचित् मोकळेपणीं बोलली असती. म्हणून डॉक्टरांनीं फोनवर प्रथम ‘आतां बोलण्यासारखी जागा आहे ना?’ असें विचारावें, आणि घरच्यांनीं दहा मिनिटें खोली रिकामी करून द्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. तो संगणकांतील माहिती सांभाळील, पण घरांतल्या घरांत जी गुप्तता पाळावयाची ती आपणांसच पाळावी लागेल.

येथवर मी रोगी राजी कसा होईल हें सांगितलें. आतां एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. रोगी राजी होणें हेंच साध्य नव्हे. तो नको इतका राजी होणेंहि वाईट. फोनवर साखरेचा आंकडा जातो, परंतु पायाच्या तळव्याखालचा फोड जात नाहीं, कारण जेथें संवेदना नाहीं तेथें तो रोग्यासच ठाऊक नसतो. चिखलांतून अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्यानें, होडींत ओल्या पायांनीं उभ्या राहणाऱ्या कोळी बांधवानें रोज रात्रीं आपले तळवे आरशांत पाहावेत किंवा दुसऱ्यास पाहावयास सांगावें. वर्षांतून निदान एकदां डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना, लघवींतील प्रथिन आणि मूत्रपिंडांचें कार्य यांची तपासणी प्रत्यक्ष जाऊन करून घेतलीच पाहिजे. त्यासाठीं वसईंत, नालासोपाऱ्यांत पालिकेचीं रुग्णालयें आहेत. तसेंच सारख्या उलट्या, पोटांत तीव्र कळा, श्वास जोराजोरानें चालणें, छातींत दुखणें, शुद्ध हरपूं लागणें, पायास काळसर जखम होणें, यांपैकीं कांहींहि झालें तर फोनवर सल्ला घेत बसूं नये; रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें. घाम सुटून हातपाय कांपूं लागले आणि साखर ७० च्या खालीं दिसली, तर रोगी शुद्धीवर असेतों त्याला तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हा तपासावें, आणि मगच फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र कांहीं घालूं नये.

विश्वासाचा गैरफायदा घेणारेहि असतातच. ‘एका महिन्यांत मधुमेह मुळासकट घालवूं, गोळ्या बंद करा,’ असे निरोप फोनवर येतात. ‘पी हळद नि हो गोरी’ असा हा प्रकार आहे. जो आपला नोंदणी-क्रमांक सांगत नाहीं, पूर्वींचे कागद पाहत नाहीं आणि आधीं पैसे मागतो, त्याच्या सांगण्यावरून चालूं औषध एक दिवसहि सोडूं नये. इन्सुलिन तर नाहींच नाहीं.

यंत्रावर किती विसंबावें, याचाहि धडा या प्रदेशानें घेतला आहे. जुलै २०१८ मध्यें वसई-नालासोपाऱ्यास पावसानें वेढलें, रूळ पाण्याखालीं गेले आणि पुष्कळ भागांत वीजहि गेली. अशा वेळीं गाडी नाहीं, फोनहि नाहीं आणि इन्सुलिन ठेवलेला फ्रिजहि बंद! म्हणून पावसाळ्यापूर्वीं निदान दोन आठवड्यांचें औषध घरांत असावें. वीज गेली तर इन्सुलिन घट्ट झांकणाच्या डबींत घालून, डबींत पाणी शिरणार नाहीं अशा बेतानें, पाण्याच्या मातीच्या माठांत ठेवावें. आणि आजारपणांत काय करावें, कोणती गोळी थांबवावी, कोणती थांबवूं नये, याच्या सूचना डॉक्टरांकडून आधींच कागदावर लिहून घ्याव्यात.

शेवटीं, ज्यांस ही पद्धति अजमावून पाहावयाची असेल त्यांस मी एवढेंच सुचवीन. आरंभ भेटीनें करा. आपल्या नेहमींच्या डॉक्टरांपुढें बसून त्यांनाच विचारा, ‘मधल्या काळांत मीं आपणांस केव्हां नि कसा फोन करावा?’ ते जी वेळ देतील ती पाळा. फोन करण्यापूर्वीं वहींत गेल्या आठवड्याचे आंकडे, घेतलेलीं औषधें आणि चुकलेलीं औषधेंहि प्रामाणिकपणें लिहून ठेवा. चुकलेल्या गोळीची लाज वाटूं देऊं नका. ती लपविली तर डॉक्टर नवी गोळी वाढवितील, आणि ती आपणांस नडेल. डॉक्टरबंधूंनाहि माझी विनंति आहे कीं, पाठविलेल्या आंकड्यास दोन ओळींचें का होईना, उत्तर द्या. आणि वर्षांतून एकदां तरी त्या रोग्याचे पाय आपल्या हातांनीं तपासा. रोग्याचा हात एकदां हातांत घेतलेला असला, म्हणजे पुढें विरारहून फोनवर आलेला त्याचा आवाजहि ओळखीचा वाटतो, आणि त्याला आपला.

आपल्या घरांत कोणी मधुमेही असेल, तर आज रात्रीं त्यांस एवढेंच विचारा कीं, शेवटचा आंकडा केव्हां पाहिला होता, आणि तो कोणास सांगितला होता.